भिंतीपलीकडची तार

आमच्या जिंतूरला आगगाडी नाही. त्यामुळे बाहेरच्या जगातून जे काही आमच्याकडे यायचे ते एक तर परभणीहून एस. टी.ने येते, नाही तर तारेवरून. एस. टी.तली वस्तू वाटेत कुठे अडकली तर निदान कंडक्टरला विचारता येते. तारेवरून येणारी वस्तू अडकली म्हणजे विचारायचे कोणाला, हा प्रश्न २०११ सालच्या पावसाळ्यात आमच्या घरापुढे उभा राहिला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मी एके दिवशी भिंतीवर जाऊन बसलो. वाचकांनी हे अलंकारिक समजू नये. खरोखरच भिंतीवर बसलो, एक पाय अलीकडे आणि एक पलीकडे, आणि वय वर्षे बावन्न.

आमचे घर जुने. पुढे ओसरी, मग माजघर, मग चौक, आणि चौकामागे पुन्हा दोन खोल्या नि न्हाणी. वडील २००५ साली गेले. त्यानंतर दोन वर्षांनी चौकात भिंत उभी राहिली. पुढचा भाग माझ्याकडे आला, मागचा दादाकडे. त्याचे दार मागल्या बोळात. भिंत का उभी राहिली ते सांगण्यात अर्थ नाही. ज्यांच्या घरात अशा भिंती आहेत त्यांना ते ठाऊक आहे, आणि ज्यांच्या घरात नाहीत त्यांना सांगून पटायचे नाही. भांडीकुंडी वाटून झाली. घंगाळ दादाकडे गेले, बंब माझ्याकडे राहिला. म्हणजे आता पाणी एकीकडे तापे आणि ते ओतायचे भांडे दुसरीकडे. सगळ्याची वाटणी झाली, फक्त टेलिफोनची झाली नाही.

टेलिफोन वडिलांच्या नावावर होता. नंबर लावून पाच वर्षे वाट पाहिल्यावर तो १९९४ साली आमच्या ओसरीत आला, तेव्हा सौ.ने त्याला हळदकुंकू वाहिले होते. पुढे दोन वर्षांनी दादाने हौसेने आईच्या मागच्या खोलीत त्याचे एक्स्टेन्शन ओढले. बाजारातून पन्नास मीटरचे चपट्या दुपदरी तारेचे भेंडोळे आणले. ओसरीतल्या डबीपासून ती तार माजघराच्या आढ्यावरून, विजेच्या वायरीच्या गळ्यात गळा घालून, चौक ओलांडून त्याने आईच्या कॉटपर्यंत नेली. थोडी तार उरली. चांगली तार कापायची कशाला, म्हणून तिची गुंडाळी करून ती कॉटमागे खिळ्याला अडकवली. आमच्या घरी काही फुकट जाऊ देत नाहीत. ही गुंडाळी वाचकांनी लक्षात ठेवावी. ती पुढे येणार आहे.

भिंत बांधताना गवंड्याच्या थापीने ती तार तुटली. "हिचं काय करू?" असे त्याने विचारले. दादा एका बाजूला उभा होता, मी दुसऱ्या. दोघांपैकी कोणीच बोलले नाही. गवंडी शहाणा माणूस. त्याने दोन्ही टोके दातांनी सोलली, एकमेकांना गुंडाळली, वर काळी चिकटपट्टी लावली आणि तो जोड भिंतीच्या माथ्यावर ठेवून दिला. टेलिफोन दोन्हीकडे चालू राहिला. एक बिल मी भरायचे, एक दादाने. त्याच्या पाळीचे बिल आमची कन्या बोळातून नेऊन देई. मुलांना भिंत लागू नव्हती.

आई मागच्या खोलीतच राहिली, कारण ती खोली तिची होती. २००८ साली तिचे खुब्याचे हाड मोडले आणि तिचे चालणे संपले. मी त्या बाजूला जात नसे. हे लिहिताना लाज वाटते, पण होते ते असे होते. मग आईनेच एक युक्ती काढली. रात्रीची जेवणे आटोपली की ती आपल्या फोनचे बटण दोनदा दाबी. एकाच तारेवर दोन फोन असले की एकाचे बटण दाबताच दुसऱ्याची घंटा किंचित किणकिणते, हे तिला कोणी शिकवले नव्हते. माझ्याकडे 'टिण' झाले की मी रिसीव्हर उचली. डायल टोनच्या तंबोऱ्यावर आमचे बोलणे चाले.

"जेवलास?"

"जेवलो."

"काय केलं होतं?"

टोन बदलून कर्कश झाला की दोघांनी ठेवून द्यायचे आणि पुन्हा उचलायचे. एक पैसा बिल नाही. चार वर्षे एका घरातल्या दोन माणसांनी असा संसार केला.

तर अशा या तारेवर २०१० साली आम्ही ब्रॉडबँड घेतले. सरकारने २००४ सालच्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट मिळाले म्हणजे त्याला ब्रॉडबँड म्हणावे असे ठरवले होते; पुढे २०१३ साली ती मर्यादा ५१२ झाली आणि २०२३ साली २ मेगाबिट. आमची योजना २ मेगाबिट'पर्यंत'ची होती. 'पर्यंत' या शब्दाइतका लवचिक शब्द मराठीत दुसरा नाही. पहिले काही महिने बरे गेले, म्हणजे आम्हाला बरे कशाला म्हणतात हेच ठाऊक नसल्यामुळे गेले. उन्हाळ्यात मंद वाटू लागले. मृगाचा पहिला पाऊस पडला आणि मोडेमवरचा हिरवा दिवा नवरात्रातल्या दिव्यासारखा फडफडू लागला.

एरवी मी ते चालवून घेतले असते. परंतु कन्या बारावी झाली होती आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा पसंतीक्रमाचा अर्ज संगणकावरूनच भरायचा होता. अमुक कॉलेज पहिले, तमुक दुसरे, अशी लांबलचक यादी. विसावे कॉलेज भरावे आणि दिवा जावा, की पहिल्यापासून श्रीगणेशा. बाजारातल्या नेट कॅफेत जावे तर तिथे अशाच मुलींची आणि त्यांच्या बापांची रांग.

मग घरोघरी होते तेच आमच्याकडे झाले. मोडेम तापतो म्हणून त्याला पंख्याखाली ठेवले. संगणकात जंतू शिरले असतील म्हणून तो धुऊनपुसून काढवला. त्यात कन्येच्या आत्याच्या लग्नाचे फोटो गेले. तक्रारीच्या नंबरावर फोन केला, तर पलीकडच्या गोड आवाजाने मोडेम बंद करून पुन्हा चालू करायला सांगितले. सौ.चे मत पडले की नव्या गोष्टी आपल्याला लाभत नाहीत. मी माझ्या स्वभावाप्रमाणे सगळा दोष कंपनीला दिला आणि स्वस्थ बसलो.

स्वस्थ बसली नाही ती कन्या. तिने एका वहीत रेघा मारून दिवा जाण्याच्या वेळा लिहायला सुरुवात केली. आठ दिवसांनी ती वही घेऊन माझ्यापुढे आली. दिवसा केव्हाही, विशेषतः पावसाची सर आल्यावर, असे पुष्कळ होते. पण रोज न चुकता एक वेळ होती, रात्रीची पावणेनऊ.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "आजी फोन उचलते ना, तेव्हा नेट जातं."

मी तिला जवळजवळ रागावलोच. आईचा फोन १९९६ सालापासूनचा, आणि हे ब्रॉडबँड कालचे पोर! पण वही खोटे बोलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी लाइनमन आला. पाहतो तो माझाच विद्यार्थी. मी शाळेत विज्ञान शिकवीत असे आणि हा शेवटच्या बाकावर बसून खिडकीतून बाहेर बघत असे. आता त्याच खिडकीबाहेरच्या खांबांवर त्याचे पोट होते. त्याने आधी खांबावर चढून तपासले; तिथे लाइन स्वच्छ. मग ओसरीतली डबी उघडली, आणि हसला.

"सर, ही दुसरी तार कुठं गेली?"

मी भिंतीकडे बोट दाखवले. त्याने पुढे काही विचारले नाही. जिंतूर काही मुंबई नव्हे. कोणाच्या चौकात भिंत आहे हे खांबावरून दिसते.

त्याने संगणकावर मोडेमचे स्वतःचे पान उघडले. प्रत्येक मोडेमला असे एक पान असते आणि ते आपण कधी उघडत नाही, जसे आपण पंचांगाचे शेवटचे पान उघडत नाही. तिथे दोन आकडे बघायचे असतात. एक, एक्स्चेंजपासून घरापर्यंत येताना आवाज किती क्षीण झाला त्याचा. तो बहुतांशी अंतराचा भोग, त्यावर घरात फारसा इलाज नाही. दुसरा, गोंगाटाच्या वर आपला आवाज किती उरतो त्याचा, ज्याला मार्जिन म्हणतात. तो ६ डेसिबलच्या खाली घसरला की जोडणी डगमगू लागते. आमचा ४ होता. लाइनमनने पेचकस घेतला, मागे जाणाऱ्या तारेची दोन टोके डबीतून सोडवली आणि मोडेम पुन्हा चालू केला. मार्जिन १८. गती पुरी २ मेगाबिट. कन्येने टाळ्या वाजवल्या.

"असं का होतं रे?" मी विचारले.

"सर, तुम्हीच शिकवलं होतं की. प्रतिध्वनी."

सत्तावीस वर्षे मी मुलांना प्रतिध्वनी शिकवला, आणि तो माझ्याच आढ्यावरून धावतो हे मला कळले नव्हते. नंतर मी सवडीने वाचले, कागदावर गणित मांडले, ते वाचकांना सांगतो. ज्यांना नको असेल त्यांनी पुढच्या फुलीपर्यंत उडी मारावी. मात्र फुली मी काढलेली नाही.

टेलिफोनवर माणसाचे बोलणे जाते ते सेकंदाला सुमारे ३०० ते ३,४०० कंपनांचे. तांब्याच्या तारेत त्यावरची जागा मोकळीच पडलेली असते. ब्रॉडबँडवाल्यांनी ती वापरली. आमच्याकडच्या जातीचे, म्हणजे एडीएसएल-दोन-प्लस या नावाचे ब्रॉडबँड त्या तारेवर २२ लाख कंपनांपर्यंत चढते. ही सगळी जागा ५१२ अरुंद पट्ट्यांत वाटलेली असते, आणि मोडेम प्रत्येक पट्ट्याला जणू वर्गातल्या मुलासारखे विचारतो : तुला किती ओझे झेपेल? ज्याला झेपेल त्याला जास्त, ज्याला नाही त्याला कमी, आणि जो गोंगाटात बुडाला त्याला शून्य.

आता येलदरीच्या पाण्याचा पाट डोळ्यापुढे आणा. पाटाला मधेच एक आंधळी चारी फुटली आहे, जी पुढे बंद आहे. मुख्य पाटातून आलेली लाट त्या चारीत शिरते, टोकावर आपटते आणि परत येऊन मुख्य पाटातल्या नव्या लाटेवर आदळते. एखाद्या मापाची लाट अशी नेमकी उलटी होऊन परत येते की येणारी आणि जाणारी एकमेकींना खाऊन टाकतात. तारेचेही तसेच. तारेत लहर सेकंदाला सुमारे २० कोटी मीटर धावते. चारीची लांबी ५० मीटर असली तर तिच्या चौपट, म्हणजे २०० मीटर लांबीची लहर मारली जाते. २० कोटीला २०० ने भागा : दहा लाख कंपने. बरोबर ब्रॉडबँडच्या मधोमध खड्डा. आमच्या वर्गातली दोनशेतिसाव्या क्रमांकाच्या आसपासची मुले मुकी झाली होती. आणि हे पन्नास मीटर कसे भरले? कॉटमागच्या गुंडाळीसकट. तार पसरलेली असो की खिळ्याला टांगलेली, लहरीला ती पुरी चालून यावी लागते. दादाने उरलेली तार कापून टाकली असती तर खड्डा थोडा वरच्या बाजूला सरकला असता, गेला नसता.

एवढ्यावर भागले नाही. ती तार चपटी होती, तिला पीळ नव्हता. टेलिफोनच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असाव्यात, म्हणजे बाहेरून येणारा विजेचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो आणि आपोआप वजा होतो. ही युक्ती खुद्द अलेक्झांडर ग्रॅहम बेलची, १८८१ सालची; आणि मुंबई, कलकत्ता, मद्रास येथली पहिली टेलिफोन एक्स्चेंजे उघडली ती त्यानंतर, १८८२ च्या जानेवारीत. म्हणजे हे शहाणपण टेलिफोनच्या आधी या देशात यायला हरकत नव्हती. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही असे म्हणतात. आमच्या घराण्यात पीळ भरपूर, नेमका तारेत तेवढा नव्हता. त्यामुळे माजघरात शेजारून जाणाऱ्या विजेच्या वायरीचा सगळा गोंगाट ती पीत होती. भिंतीवरच्या उघड्या जोडाला चार पावसाळ्यांचा कळंक चढला होता, तो सर आली की कुरकुरे. आणि आई रिसीव्हर उचली तेव्हा तिच्या फोनपुढे गाळणी नसल्यामुळे सगळ्या लाइनीची प्रकृती एका क्षणात बदले आणि मोडेमचे भान सुटे.

"मग ही तार कापूनच टाकू का, सर?" लाइनमनने विचारले. पक्कड त्याच्या हातात होती.

मी म्हणालो, "आजची रात्र नुसती सुटी राहू दे. उद्या बघू."

ती रात्र मी विसरणार नाही. मोडेमचा दिवा समईसारखा स्थिर. कन्येने एका बैठकीत सगळा पसंतीक्रम भरला आणि अर्ज पाठवला. सौ.ने साखर आणून तिच्या हातावर ठेवली. घड्याळात पावणेनऊ झाले. घंटा किणकिणली नाही. किणकिणणार कशी? तिची तार डबीबाहेर लोंबत होती. मी उगाच पेपर उघडून बसलो. नऊ झाले. आई पलीकडे बटण दाबीत असेल. रिसीव्हर कानाला लावून ऐकत असेल. आत तंबोराही वाजत नसेल. मला उठून ती दोन टोके डबीत खुपसता आली असती. दोन स्क्रू होते. पण अर्ज पोचल्याची पावती यायची होती, आणि मी बसून राहिलो.

सव्वानऊच्या सुमारास चौकातून आवाज आला. भिंतीपलीकडून, मोठ्याने, पण कोणाला उद्देशून ते न कळेल असा.

"आईचा फोन बंद आहे."

चार वर्षांत दादा माझ्याशी बोललेले हे पहिले वाक्य. मी चौकात गेलो. भिंत पुरुषापेक्षा उंच. तो दिसत नव्हता. नुसता खोकण्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "ती विचारतेय, धाकट्याचं काही बिनसलंय का. झोपत नाहीये."

मी सांगितले, की फोन मीच काढून ठेवला आहे, पोरीच्या फॉर्मसाठी. पलीकडे बराच वेळ काही नाही.

"गेला का फॉर्म?"

"गेला."

"बरं झालं," दादा म्हणाला, आणि त्याच्या चपलांचा आवाज दूर गेला. मी आत येऊन दोन्ही टोके डबीत घट्ट केली. मोडेमचा दिवा फडफडला. मी बटण दोनदा दाबले. पलीकडे रिसीव्हर उचलल्याचा आवाज तात्काळ झाला, जणू हात त्यावरच होता.

दुसऱ्या दिवशी मी लाइनमनला म्हटले, तार कापायची नाही; दुसरे काय ते सांग. तो म्हणाला, आहे की. गंमत अशी की औषध घरातच होते. मोडेमबरोबर एक काड्याच्या पेटीएवढी पांढरी डबी मिळते, तिला स्प्लिटर म्हणतात. तिला तीन तोंडे : एकात बाहेरची लाइन, एकात मोडेम, एकात टेलिफोन. टेलिफोनच्या तोंडाशी आत गाळणी असते. ती बोलणे जाऊ देते आणि त्यावरच्या लाखो कंपनांना दार लावते. आमच्याकडे ती डबी लावलेली होती, फक्त ओसरीतल्या फोनपुरती. आईची तार त्याआधीच, बाहेरच्या लाइनीला थेट जोडलेली. पुष्कळ घरांत हीच चूक असे. एक्स्टेन्शन स्प्लिटरच्या आधी फुटले की गाळणी असून नसल्यासारखी. ते टेलिफोनच्या तोंडातून पुढे काढले की पन्नास मीटर काय, पाचशे मीटरची आंधळी चारी असली तरी मोडेमला तिचा पत्ता लागत नाही. आईच्या फोनला स्वतंत्र छोटी गाळणी लावूनही उचलण्याचा त्रास गेला असता. पण तारेची लांबी तशीच लोंबत राहिली असती, म्हणून अर्धेच काम झाले असते. लाइनमनने दोन टोके एका ठिकाणची काढून दुसऱ्या ठिकाणी लावली. दहा मिनिटे लागली. माझे तीन महिने गेले होते.

इथे थोडे आजचे सांगतो. तांब्याच्या तारा आता बहुतेक गावांतून जाऊ लागल्या आहेत आणि आमच्या घरीही काचेचा तंतू आला आहे. त्याला ना पीळ लागतो, ना कळंक चढतो. तरी मंद चालण्याच्या तक्रारी संपलेल्या नाहीत, आणि परीक्षा करायची रीत तीच आहे : बाहेरची लाइन जिथे घरात शिरते तिथेच, आखूड तारेने, एकच यंत्र जोडून आकडा लिहून ठेवावा. तो बरोबर असेल तर कंपनी निर्दोष. मग घरातले एकेक प्रकरण जोडत जावे आणि आकडा कोणत्या पायरीवर घसरतो ते पाहावे. खालच्या मजल्यावरून वरच्या खोलीत नेलेल्या जाड निळ्या तारेत चार जोड्या, आठ तंतू असतात. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, १,००० ला चारही लागतात. एखादा तंतू टोपणात नीट बसला नाही, की महाग योजना घेऊनही गाडी १०० वर अडकते आणि कोणी काही बोलत नाही. टोक सोलताना पीळ अर्ध्या इंचापेक्षा अधिक उकलू नये. हे मी पैसे मोजून शिकलो आहे.

भिंतीवरचा जोड राहिला होता. तो कुरकुरत असेतोवर आईच्या बोलण्यात खरखर येणारच. लाइनमन म्हणाला, "मी चढतो सर," पण त्याच्या शिडीला पलीकडून धरणारे कोणी हवे होते, आणि ते त्याने मोठ्याने म्हटले. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. थोड्या वेळाने भिंतीच्या माथ्यावर आधी एक पक्कड दिसली, मग दादाचे डोके. केस सगळे पांढरे झाले होते. बोळातून येणारी-जाणारी पाठमोरी मूर्ती मी पाहत असे. समोरून चार वर्षांत पाहिली नव्हती.

"तार मी ओढलीय," तो लाइनमनला म्हणाला. "जोड मीच देतो. हा काय देणार?"

हे ऐकून मलाही शिडी चढणे भाग पडले. लाइनमनने जेली भरलेल्या दोन प्लॅस्टिकच्या टोप्या दिल्या. त्यात तारेची टोके घालून दाबली की पाणी शिरत नाही. दादाने काळी पट्टी सोलली. आतले तांबे मोरपिशी हिरवे झाले होते. त्याने कळकलेला भाग कापून टाकला, मग तार ओढून पाहिली, तर दोन्ही टोके एकमेकांना पोचेनात. हातभर कमी पडली.

"आईच्या कॉटमागे गुंडाळी आहे," मी म्हणालो.

दादाने माझ्याकडे पाहिले. "तुला आठवतं?"

वहिनींनी ती गुंडाळी सोडवून तार पुढे सरकवली. लागेल तेवढी घेतली, उरलेली दादाने स्वतःच्या हाताने कापली. लाइनमन खालून सांगत होता, की टोकांना आधी थोडा पीळ द्या. मी देऊ लागलो. "उलटा देतोयस," दादा म्हणाला, आणि त्याने माझ्या हातून तार घेतली. लहानपणी पतंगाच्या मांज्याच्या बाबतीत तो असेच करी.

टोपी दाबल्याचा बारीक आवाज झाला. आम्ही दोघे भिंतीवर बसून होतो. ओसरीत घंटा किणकिणली. कन्येने फोन उचलला, आणि ती धावत चौकात आली.

"बाबा, आजी म्हणतेय, काकूंनी चहा टाकलाय. तिकडे."

माझी शिडी आमच्या बाजूला होती. दादा आधी खाली उतरला आणि त्याने आपली शिडी दोन्ही हातांनी धरून ठेवली. "सावकाश," तो म्हणाला, "तिसरी पायरी ढिली आहे."